पोटात काय काय जातं?

औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की बाकीचे दुकानदार आधी चिठ्ठी बघतात. हा दुकानदार आधी माणूस बघायचा, मग चिठ्ठी, आणि मग चष्मा नाकावर सरकवून विचारायचा, "पोटात आणखी काय काय जातं?" रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, शेजारणीने प्रेमाने पाजलेला काढा, सगळं वदवून घेतल्याशिवाय तो पट्टी हातात ठेवत नसे. गल्लीने त्याचं नाव पोटोबा ठेवलं होतं. तो चिडल्यासारखं करायचा, पण मनातून खूश असायचा.

खूश असायला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी एका शिक्षिकेला त्याने दोन गोळ्या एकत्र घेण्यापासून ऐन वेळी थांबवलं होतं. तिने आभाराचं पत्र लिहिलं. पोटोबाने ते चौकटीत बसवलं आणि काउंटरमागे असं टांगलं की सुटे पैसे घेतानाही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावं. माणसाने टेंभा मिरवावा, पण किती!

त्याला एक थोरली बहीण होती. आई लवकर गेली तेव्हा तिने शर्टांना काजं करून याला शिकवलं होतं. अजूनही तीन गल्ल्या पलीकडच्या शिंप्याकडे ती काजं करायची. मशीनची काजं तिला चालत नसत. "मशीन भोक पाडतं," ती म्हणायची, "काज करत नाही."

चार महिन्यांपूर्वी ताईला काचबिंदू निघाला. डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाटच तिच्यात अरुंद होती, म्हणून आत दाब वाढायचा. लेझरची तारीख मिळेपर्यंत डॉक्टरांनी थेंब दिले. ते डोळ्याची बाहुली आखडून ती वाट मोकळी ठेवतात. सुई धरणारा ताईचा हात बाटली धरली की मात्र कापायचा. म्हणून सकाळी दुकान उघडताना आणि संध्याकाळी कामावरून घरी जाताना ती यायची, स्टुलावर बसून मान मागे टाकायची, आणि पोटोबा स्वतःच्या हाताने थेंब घालायचा. एक थेंब कधी गालावर सांडला नाही.

अशाच एका संध्याकाळी डोळे मिटून बसल्या बसल्या ताई म्हणाली, "धाकट्या, महिना झाला, झोप म्हणून नाही. काहीतरी दे ना."

पोटोबाने सवयीने विचारलं, "पोटात काय काय जातं?"

"चहा. आणि तुझी बडबड."

दोघं हसले. त्याने चिठ्ठीशिवाय मिळणारी झोपेची साधी गोळी काढून दिली. मुळात ते सर्दीचं जुनं औषध, गुंगी येते म्हणून झोपेसाठी खपतं. त्याच्या उजव्या हातात अजून थेंबांची बाटली होती. डाव्या हाताने त्याने पट्टी दिली. पण थेंब पोटात जात नव्हते ना! चाळीस वर्षं जे डोक्यात बसलं होतं, त्यात डोळ्याला जागाच नव्हती.

आठव्या दिवशी ताई कपाळ दाबत आली. अर्धं डोकं ठणकतंय, मळमळतंय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. पोटोबाने निदान केलं, पित्त! गुलाबी औषधाची बाटली दिली आणि उपाशीपोटी काम करते म्हणून वर झापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा डावा डोळा लालभडक होता आणि त्या डोळ्याने तिला भावाचा चेहरा धुरकट दिसत होता. शटर अर्धं ओढून तो तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पळाला.

डॉक्टर बाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या. यंत्राला डोळा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"दाब फार वाढलाय. आणि बाहुली मोठी कशी? थेंब नियमित जातायत ना?"

"मीच घालतो," पोटोबा म्हणाला.

"मग दुसरं काही? सर्दीचं, झोपेचं? झोपेच्या काही गोळ्या बाहुली पसरवतात. थेंब एकीकडे ओढतात, गोळी दुसरीकडे."

पोटोबाला सगळं एका क्षणात समजलं. हे त्याला ठाऊक होतं! काल-परवाचं नव्हे, शिकला तेव्हापासून ठाऊक होतं.

"काही नाही घेत मी," ताई ताडकन म्हणाली. गोळीवर बोट ठेवलं जाताच भावाच्या दुकानावर बालंट येईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

डॉक्टर त्याच्याकडे वळल्या. "तुमचं तर औषधांचं दुकान आहे. तुमच्याकडून काही गेलं नाही ना?"

"नाही," पोटोबा म्हणाला. "माझ्याकडून नाही."

शब्द किती सहज निघाला! चौकटीतलं पत्र आठवलं, गल्ली आठवली, आणि जिभेने आपलं काम उरकून टाकलं. दाब उतरवायची गोळी तिथेच देऊन डॉक्टरांनी दोघांना बाहेर बसवलं. तासाभराने पुन्हा बघू आणि काय ते ठरवू, म्हणाल्या.

बाहेर बाकावर एक जुनं गिऱ्हाईक बसलं होतं, डोळ्याला पट्टी बांधून. पोटोबाचा आवाज ऐकूनच त्याने ओळखलं. "अरे, पोटोबा!" आणि शेजारच्या नर्सला सांगायला लागला, "सिस्टर, असा माणूस नाही मिळायचा. पोटातलं सगळं विचारल्याशिवाय साधी खोकल्याची गोळी देत नाही. डॉक्टरांनी शिकावं यांच्याकडून."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं पोटोबाला झालं. ताई शेजारी बसली होती, रुमाल डोळ्यावर दाबून. कौतुक ऐकून तिने मान भिंतीकडे वळवली. तिचं ते मान वळवणं त्याला त्या कौतुकाहून जास्त झोंबलं.

तो उठला आणि दार न ठोकताच आत गेला.

"डॉक्टर, मी खोटं बोललो. झोपेची गोळी मी दिली. आठ दिवस झाले, रोज एक. कालही घेतली असेल. वर पित्ताचं औषध देऊन एक दिवस मीच वाया घालवला." कान तापले होते, आणि कुठे बघावं ते कळत नव्हतं.

डॉक्टर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आत्ता सांगितलंत ते बरं झालं. आज रात्री त्यांनी ती गोळी पुन्हा घेतली असती, तर हा डोळा हातचा गेला असता."

दाब उतरला. संध्याकाळपर्यंत लेझरही झालं; थेंब मात्र अजून काही दिवस चालू ठेवायचे होते. डोळा वाचला, पण सगळा नाही. डावीकडच्या कडेची नजर गेली, ती परत यायची नाही, असं डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं.

रस्त्याने परतताना ताई भिंतीच्या बाजूने चालत होती. ती म्हणाली, "मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी. तू बोललास ते कुणासाठी?"

उत्तर पोटोबाला ठाऊक होतं, पण ते तोंडातून काढायची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल रिकामं राहिलं. त्याने आभाराचं पत्र खाली काढलं. भिंतीवर फिकट चौकोन उरला, तो पत्राहूनही जास्त डोळ्यांत भरायला लागला. मग दुकान बंद करून तो तिच्या घरी गेला.

ताई आरशासमोर बसून स्वतःच थेंब घालत होती. हात कापत होता. तीन थेंब गालावर ओघळले, चौथा कसाबसा आत गेला. त्याने बाटलीसाठी हात पुढे केला, तिने दिली नाही.

"हात कापतो," ती म्हणाली, "पण मी काय घालतेय ते मला कळतंय."

तो दारातच उभा राहिला. निघून जायची हिंमत नव्हती, आत यायचीही नव्हती. शेवटी ताईनेच बाटलीच्या खोक्यातून घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"वाच."

असे कागद त्याने हजारो विकले होते. खोक्यासकट, न उघडता. हिच्या बाटलीचाही त्याने कधी उघडला नव्हता. तो शाळेतल्यासारखा उभ्याने वाचू लागला. औषधाचं नाव, थेंब किती, बाटली कुठे ठेवायची. मग ती ओळ आली. "सर्दीची किंवा झोपेची औषधं घेत असल्यास डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला..." तिथे तो थांबला.

ताईने उजव्या डोळ्याचा थेंब त्याच्यासाठी ठेवला होता. बाटली त्याच्या हातात देऊन तिने मान मागे टाकली, आणि डोळा उघडण्याआधी म्हणाली,

"ती ओळ परत वाच. या डोळ्यांना आता ती बारीक अक्षरं दिसत नाहीत."