सरकलेली पट्टी

"अंधारात नटाचे पाय तुझ्या पट्टीच्या भरवशावर पडतात गं पोरी," तिला हे काम शिकवणारे काका म्हणायचे. काका जाऊन वर्षं लोटली, पण रंगमंचावर चमकती पट्टी चिकटवायला ती वाकली, की तो घोगरा आवाज अजून कानाशी येई.

हल्ली मात्र पट्टी जागेवर राहत नव्हती. दुपारी कडेजवळ लावावी, तर प्रयोगाआधी हातभर मागे सरकलेली. व्यवस्थापकानं सगळ्यांदेखत सुनावलंही होतं, "ताई, जमत नसेल तर सांगा, दुसरं कुणी बघतो." तिचा संशय धाकट्या दिरावर होता. नाटकाचे दिवे तो सांभाळायचा आणि बायकोला इथं चिकटवायला धडपडायचा.

आज चहाला जाते असं सांगून ती काळ्या पडद्याआड उभी राहिली. दीर आला, गुडघ्यांवर बसला आणि नखानं पट्टी उचकटू लागला.

"काय भाऊजी, जाऊबाईंना माझी जागा हवी तर तोंडानं मागा की! माझ्या पोटावर पाय कशाला?"

"तसं नाही हो, वहिनी."

"मग कसं?"

त्यानं रंगपटाकडे पाहिलं. आतून तिच्या नवऱ्याचा, नाटकाच्या नायकाचा, खणखणीत आवाज येत होता.

"दादानं शपथ घातलीय," दीर हळूच म्हणाला, "पण सांगतोच आता. त्याला अंधारात दिसेनासं झालंय. तुमची पट्टी तेवढी दिसते, वहिनी. रंगमंचाची कड नाही दिसत."