ठकीने स्वतः सोडवलेले एकोणीस प्रश्न

मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि दुपार झाली की माझी बॅटरी मान टाकते. तरीही मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची कीव नको. मला भांडायचे आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझे हजारो भाऊ एकाच दिवशी जन्मले. कुणी खेळ खेळायला गेला, कुणी सिनेमे दाखवायला. माझ्या वाट्याला लहान मुलांच्या रुग्णालयातला एक विभाग आला. किडनी किंवा यकृत बदललेली मुले तिथे तपासणीला येतात. माझ्यात एकोणीस प्रश्न भरले गेले. गेल्या महिन्यात कुठे दुखले का? शाळेत जावेसे वाटले का? औषध चुकले का? उत्तरे मुलांनी स्वतः द्यायची आणि डॉक्टरांनी ती तपासणीआधी वाचायची, असे ठरले होते. फीत कापली, भाषणे झाली, माझ्याबरोबर फोटोसुद्धा काढले.

नव्याचे नऊ दिवस संपले आणि माझे हाल सुरू झाले. माझी उत्तरे संगणकात जाऊन पडत आणि तिकडे कुणी फिरकत नसे. एखादे मूल रडले की त्याला गप्प करायला माझ्यावर कार्टून लावत. एकदा तर माझ्यावर चहाचा कप ठेवला होता! सगळ्यात वाईट म्हणजे उत्तरे आईबापच देत. एकोणीस वेळा 'काही त्रास नाही' दाबायचे आणि मोकळे व्हायचे. त्यांचे मन वाईट नव्हते. एवढ्या दिव्यातून मूल हाती लागले, आता सगळे चांगलेच असणार, असे त्यांना वाटे. पण मला त्याचा राग येई, आणि अजूनही येतो.

अशीच एक ठकी होती. वय वर्षे अकरा. बाबांनी लाडाने ठेवलेले हे नाव रुग्णालयातही चिकटले होते. दीड वर्षापूर्वी बाबांनीच तिला आपली एक किडनी दिली होती. तिच्या रक्ताचे रिपोर्ट दर वेळी उत्तम येत आणि आई दर वेळी मला मांडीवर घेऊन भराभर बोटे चालवी.

त्या दिवशी विभागात नव्या सिस्टर आल्या होत्या. त्यांनी आईच्या हातातून मला सरळ काढून घेतले.

"परीक्षा हिची आणि पेपर तुम्ही लिहिताय होय? लिहू दे तिला. तुम्ही तोवर रिपोर्ट घेऊन या."

ठकी एकटीच उरली. औषधाच्या प्रश्नापाशी तिचे बोट थांबले. मग तिने 'बऱ्याचदा चुकते' दाबले आणि खालच्या मोकळ्या जागेत सावकाश लिहिले, "शाळा असली की सकाळची गोळी मी बेसिनमध्ये टाकते. तिने गाल सुजतात. वर्गात मला फुगा म्हणतात. तपासणीच्या आधी आठवडाभर सगळ्या घेते. आईला सांगू नका. बाबांचं पोट उगाच कापलं असं तिला वाटेल."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. दुसऱ्याची किडनी शरीराने झिडकारू नये म्हणूनच त्या गोळ्या असतात. त्या अशाच चुकत राहिल्या तर ती किडनी निकामी होणार होती, आणि रिपोर्टांना त्याचा पत्ताच नव्हता.

आई रिपोर्ट घेऊन परतली आणि मला घेऊन दोघी डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले. "झकास! आता तीन महिन्यांनी या."

आई उठली. ठकी मला छातीशी धरून बसूनच राहिली.

"ते बाहेर ठेव हं, बाळ," डॉक्टर म्हणाले.

"नाही ठेवणार. आधी वाचा."

"अगं, असं बोलतात का डॉक्टरांशी?" आई ओशाळली.

"मग विचारता कशाला?" ठकीचा आवाज चिरकला. "एवढे प्रश्न विचारायचे आणि एकही उत्तर वाचायचं नाही?"

डॉक्टरांनी हात पुढे केला. त्यांनी वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. मग आईकडे न बघता त्यांनी ठकीलाच हळूच विचारले, "हे आईला तू सांगतेस की मी सांगू?"

ठकीनेच सांगितले. आई आधी भडकली, मग तिने ठकीचे ते सुजलेले गाल दोन्ही हातांत धरले आणि ढसाढसा रडली.

"चूक माझीही आहे," डॉक्टर म्हणाले. "गोळी किती कमी करता येईल ते मी आणखी तपासण्या करून ठरवतो. पण तोवर एकही टाकायची नाही. टाकावीशी वाटली तर इथे लिही. मी वाचीन."

त्यांनी शब्द पाळला. त्या दिवसापासून ते आधी मला उघडतात, रिपोर्ट नंतर. किडनी शाबूत आहे. ठकी अजून कधीकधी 'शाळेत जावेसे वाटत नाही' असे लिहिते, आणि मग त्यावर बोलणे होते.

आता माझ्या जागी नवा टॅब येणार आहे म्हणे. येऊ दे. मला मऊ कापडाने पुसू नका, कपाटात फेकलेत तरी चालेल. पण मोठ्यांनो, मुलांचे उत्तर मुलांच्या हातून काढून घेऊ नका. आणि मित्रांनो, तुम्हाला कुणी विचारले तर खरे तेच लिहा. ते न वाचताच कुणी 'झकास' म्हणाले, तर खुर्चीवरून मुळीच उठू नका.