टाकीकडचा गोल, बाभळीकडचा गोल

मित्रांनो, मैदानावर भोंगा वाजू लागला की तुम्ही मान वर करून भोंग्याकडे बघता. खाली, बोलणाऱ्याच्या मुठीत मी असतो. वायरीचा माईक, आता बराच जुना. डोक्यावरच्या जाळीला पोचा पडलाय, अंगाचा काळा रंग कुणाकुणाच्या घामाने उडालाय. ऐकायला मात्र मला अजून चांगलं येतं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. नगरच्या बाजारातल्या एका दुकानातून हनुमंत साऊंडवाल्याने मला आणलं. पहिली वर्षं लग्नाच्या मांडवात गेली. "पाहुणे मंडळींनी जेवून घ्यावं", "लाल फ्रॉकमधली मुलगी सापडली आहे, आईने स्टेजजवळ यावं." जो येई तो आधी माझ्या तोंडात फुंकर घाली, मग डोक्यावर टिचकी मारी. मला वाटे, माईकचा जन्म टिचक्या खाण्यासाठीच असतो.

मग गोरक्षभाऊ आले. ते मूळचे पारनेरकडचे. नगरच्या सावेडी भागात शाळेच्या मुलांची रिक्षा चालवायचे आणि रविवारी फुटबॉल बघायला मैदानावर हजर असायचे. एका रविवारी बोलणारा माणूस आलाच नाही. हनुमंताने मला त्यांच्या मुठीत कोंबलं.

"गोरक्षभाऊ, तुमीच बोला. तसं बी तुमी गप कुठं बसताय?"

पहिल्या दिवशी त्यांनी रेडिओवरची हिंदी काढली. घसा त्यांचा, बोलणं उसनं. लोक हसू लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो भाऊ, चेंडू नगरचा हाय, त्याला मराठी कळती!"

गोरक्षभाऊ ओशाळले आणि थांबले. त्यांनी एक श्वास घेतला. मग त्यांच्या छातीतून जे आलं ते मी आजवर ऐकलं नव्हतं. त्यांची आई राहीबाई कांदा खुरपताना ओव्या म्हणायची. त्याच ओव्यांचा चढ-उतार त्यांच्या बोलण्यात होता.

"चेंडू माझा गं सोन्याचा, पायापायांनी चालला,
कुणी अडवा, कुणी उडवा, बाभळीखाली पोचला!"

बाभळीखाली म्हणजे काय, ते सांगतो. त्या मैदानाच्या एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला बाभळीची रांग. गोरक्षभाऊ डावं-उजवं कधी म्हणायचे नाहीत. "माझं डावं ते समोरच्याचं उजवं. टाकी मात्र समद्यांची टाकीच," असं त्यांचं म्हणणं. एक टाकीकडचा गोल, एक बाभळीकडचा गोल. डोळे मिटून ऐकलं तरी चेंडू कुठे आहे ते कळायचं.

ते मला तोंडापासून चार बोटं दूर धरायचे. वारा सुटला की माझ्या डोक्याला रुमाल बांधायचे. चेंडू संथ असला की आवाज संथ, चेंडू धावला की आवाजाला धाप. हरणाऱ्याची थट्टा नाही, जिंकणाऱ्याची आरती नाही. आणि पेनल्टी आली की अंगठ्याने माझं बटण बंद. "मारनारा एकला, आडवनारा एकला. त्यांच्या मधी आपला आवाज नको," असं ते हनुमंताला सांगायचे. त्या शांततेत मी त्यांच्या मनगटाची नाडी ऐकायचो.

पुढे राहीबाईंची नजर काचबिंदूने गेली. गोरक्षभाऊंनी त्यांना सावेडीत आणलं. दर रविवारी त्या रिक्षातून मैदानावर यायच्या आणि टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या. भोंगा बोलू लागला की त्यांची मान टाकीकडे वळायची, बाभळीकडे वळायची. परका माणूस बघत राहायचा. या बाईला दिसत नाही हे त्याला पटायचं नाही.

त्यांची नात अश्विनी, गोरक्षभाऊंची लेक, सावेडीच्या संघाची गोलकीपर झाली, तेव्हा तर त्यांचा रविवार शनिवारीच सुरू व्हायचा.

पण मित्रांनो, दिवस बदलले. बिनवायरीचे चकचकीत माईक आले. सामने मोबाईलवर लाईव्ह दिसू लागले. दोन हुशार पोरं मांडवात बसून मोबाईलवाल्यांसाठी बोलू लागली आणि मैदानावरच्या भोंग्यात नुसती गाणी वाजू लागली. दोष कुणाचाच नव्हता. मी हनुमंताच्या टेम्पोत, वायरींच्या पेटीत तळाला गेलो. तिथे अंधार होता आणि एका फुटक्या ट्यूबलाइटची सोबत होती.

त्या पेटीतून मी बाहेर आलो तो मुलींच्या अंतिम सामन्याचा दिवस. सावेडी विरुद्ध कर्जत. पहिला अर्धा खेळ संपला होता. गोल कुणाचाच नव्हता. टेम्पोच्या बाहेर राहीबाईंचा आवाज मी ओळखला.

"गोरक्षा, मला घरी सोड."

"का गं आई? मी सांगतोय की कानात."

"तू सांगतुयास ते मला एकलीला. ती गानी थांबली की मानसं वरडत्यात. हासत्यात का रडत्यात, कळंना. भोंग्यात सांगायचास तवा समदी माझ्यासंगं गप व्हायची, माझ्यासंगं वरडायची. तवा मला पोरगी दिसायची."

गोरक्षभाऊ मांडवात गेले आणि भोंग्यातून बोलू द्या म्हणाले. संयोजक म्हणाले, "काका, मोबाईलवर लाईव्ह आहे की!" 

हनुमंत मधेच बोलला, "साहेब, म्हातारीला मोबाईल दावता व्हय? आरसा बी द्या मग हातात!" मांडवात हशा पिकला. संयोजकही हसले आणि हो म्हणाले. पण नवे माईक दोन्ही त्या पोरांकडे अडकलेले. हनुमंताने पेटी उपसली आणि मला बाहेर काढलं. धूळ पुसली. टिचकी मारली. खरं सांगतो, ती टिचकी मला गोड लागली. मग मी पुन्हा गोरक्षभाऊंच्या मुठीत गेलो.

"मंडळी, खेळ सुरू. आता अश्विनी बाभळीकडच्या गोलात उभी आहे..."

राहीबाईंची मान बाभळीकडे वळली. सगळं मैदान कान देऊन ऐकू लागलं. चेंडू टाकीखाली गेला, मैदानाच्या मध्यावर आला, अश्विनीने एकदा झेपावून धरला. राहीबाई इतरांच्या आधी टाळ्या वाजवू लागल्या.

खेळ संपत आला असताना पंचांची शिट्टी झाली. कर्जतला पेनल्टी. मारायला मोनिका. गोलात अश्विनी.

गोरक्षभाऊंनी माझं बटण बंद केलं. भोंगा मुका झाला. राहीबाईंचा हात चाचपडत लेकाच्या गुडघ्यावर आला.

मोनिका धावली. एकदम कल्लोळ उठला. कर्जतवाले ओरडले, सावेडीवाले ओरडले, दोन्ही ओरडणी एकमेकांत मिसळली.

"धरला का रं?" राहीबाईंनी विचारलं.

हनुमंत गोरक्षभाऊंच्या दुसऱ्या कानाशी वाकला. "भाऊ, धरला म्हना. सामना संपलाच हाय. आजच्या दिस तिच्या जिवाला बरं वाटंल."

त्यांच्या तळहाताला घाम फुटलेला मला कळला. ओठ माझ्यापासून चारच बोटांवर होते. मला बाजूला करून ते आईकडे वळले.

"न्हाई, आई," ते हळूच म्हणाले. "सुटला. अश्विनी बरुबर त्याच अंगाला झेपावली. बोटाला लागून आत गेला."

राहीबाई पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "बोटाला लागला?"

"व्हय."

"म्हंजी पोचली व्हती पोरगी!" आणि त्यांनी गुडघ्यावर थाप मारली.

मित्रांनो, माझं बटण बंद होतं. हे बोलणं मी भोंग्यापर्यंत नेलं नाही. मग अंगठा सरकला, मी जागा झालो, आणि गोरक्षभाऊंच्या गळ्यातून शब्द आले,

"कर्जतच्या मातीनं दिली पायाला धार,
मोनिकाचा चेंडू गेला रेघेच्या पार!"

लेक हरल्यावरची ती ओवी वाहून नेताना माझी तार थरथरली. कर्जतच्या मुली नाचल्या. सावेडीवाल्यांनीही टाळ्या दिल्या.

थोड्या वेळाने अश्विनी आली. माती, घाम आणि डोळ्यांत पाणी. "आजी, हरले गं."

"ऐकलं की समदं. ते मोजं काड आदी हातातलं. कंचं बोट?"

अश्विनीने हात पुढे केला. राहीबाईंनी एकेक बोट दाबून बघितलं, आणि करंगळीशेजारच्या बोटावर त्यांचा हात थांबला. "ह्ये. सुजलंय बघ," त्या म्हणाल्या आणि ते बोट मुठीत धरून बसल्या. अश्विनी रडता रडता हसली.

मित्रांनो, आता एवढंच मागतो. माझ्यासारखा कुणी जुना तुमच्या घरात असेल, तर त्याची वायर आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळं करा, आत तार तुटते. अधूनमधून बाहेर काढून बोला त्याच्याशी. आणि मैदानावर, रस्त्यावर, घरात, तुमच्याशेजारी बसलेल्या कुणी विचारलं, "काय झालं रे?", तर घाईघाईत "काही नाही" म्हणू नका. जे झालं ते सांगा, बोट कुठवर पोचलं तेही सांगा.