जावळाच्या गाडीतला संसार

घर सोडायचं, पण सोडतोय असं कुणाला दिसू द्यायचं नाही, ही काय कसरत असते ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. नुसतं निघून जाणं सोपं. सामान बांधा, कुलूप लावा, चालू पडा. आम्हाला मात्र भरलं घर मागं ठेवून पळायचं होतं.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल. तिकडं वऱ्हाडात स्वराज्य आलेलं, आणि आमच्या जिंतूरच्या बाजूला माणसं जीव मुठीत धरून राहत होती. अशात माझ्या मालकांनी दोस्तांच्या नादानं, निजामाचा ताडीचा महसूल बुडवायला, सरकारी शिंदीची झाडं तोडली. त्यांचं नाव भुजंग. हे आज कागदावर लिहिते, तोंडानं उभ्या जन्मात घेतलं नाही. झाडं तोडायला जाताना त्यांनी घरात कुणाला विचारलं नाही, मला तर नाहीच. वारंट निघालं तेव्हा आम्हाला कळलं. त्यांच्याबरोबरच्या एकाला धरून नेलं, त्याचा पुढं ठावठिकाणा लागला नाही. मालक गावाबाहेर एका सोयऱ्याच्या आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यात लपले आणि मी घरात भाकरी थापत राहिले. आतून पेटलेली, वरून गप्प.

अकोल्याला माझे चुलत सासरे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तिथं जायचं ठरलं. पण सरहद्दीवर नाका होता. भरलेली गाडी दिसली की तिथं सामान उतरवून बघत, आणि गाडीतल्या गड्याला खोदून खोदून विचारत. मालक तिथं ओळखले गेले असते तर संपलंच होतं.

वाट माझ्या सासूनं, आत्याबाईंनी काढली. धुरपदाबाई म्हणजे पक्कं डोकं. आमच्या घरातल्या पोरांची जावळं नाक्यापलीकडच्या सटवाईला काढायची रीतच होती, आणि माझ्या बन्सीचं जावळ अजून काढायचं राहिलं होतं.

"जावळाला निघालो म्हनायचं," आत्याबाई म्हणाल्या. "देवीच्या वाटंवर कोन कशाला आडवंल?"

मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. जावळाच्या गाडीत काय काय शोभतं? पीठ, गूळ, नारळ, एक बोकड, स्वयंपाकाची भांडी, अंथरायला गोधड्या. जातं शोभत नाही. पाटा शोभत नाही. माझ्या आईनं दिलेला तांब्याचा हंडा तर मुळीच नाही. मी तो गाडीत ठेवायची, आत्याबाई काढायच्या. पुन्हा मी ठेवायची. शेवटी त्या म्हणाल्या, "हंडा पायजे का नवरा पायजे?" त्या घटकेला मला दोन्हींतलं एक निवडणं सोपं नव्हतं, इतकी मी चिडलेली होते. पण हंडा उतरवला. बियाण्याची ज्वारी तेवढी उशांमध्ये भरून शिवून टाकली. चार लुगडी एकावर एक नेसता येत नाहीत याचं फार वाईट वाटलं.

घर रिकामं दिसू नये म्हणून मी छपरावर सांडगे घातले. सांडगे वाळत घालून कुणी परगावी राहायला जातं का? भिंतीवर ताज्या गोवऱ्या थापल्या. दांडीवर धुतलेलं लुगडं ठेवलं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे माझे सासरे आप्पाराव. ते मागं राहणार होते. दारात म्हातारा बसलेला दिसला की घर नांदतंय असं वाटेल, हे त्यांनीच सुचवलं.

"मला काय व्हतंय?" ते म्हणाले. "म्या गाईजवळ बसून ऱ्हातो."

एवढं सगळं जुळलं आणि शेजारची छबूबाई बन्सीला बघायला आली. त्याचे गाल ओढत तिनं सहज विचारलं, "मामा कवा यायलाय मग?"

जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर बसतं. मामाशिवाय जावळ म्हणजे नवऱ्याशिवाय लग्न. आम्ही बोकड आठवला, नारळ आठवला, आणि मामालाच विसरलो! माझा भाऊ आसाराम पार पालमला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथं निरोप पोचून तो येईस्तोवर इथं काय झालं असतं देव जाणे.

"सटवाईलाच गाठ पडनार हाय," आत्याबाईंनी ठोकून दिलं. छबूबाई गेली तसं त्यांनी दार लोटून घेतलं. नाक्यावरचा जमादार या मुलखातला होता, त्याला रीत ठाऊक असणारच. तोही हेच विचारणार.

मग त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मामा गाडीतच हाय की."

"कोन?"

"भुजंग. नाक्यावर त्याचं नाव ठाव हाय, त्वांड न्हाई. पोराला मांडीवर घ्यायचं आन आसाराम सांगायचं. तू भाऊ म्हन."

नवऱ्याला भाऊ! ज्या बाईनं लग्न झाल्यापासून मला त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तीच हे सांगत होती. दुपारी मी आखाड्यावर भाकरी घेऊन गेले तेव्हा मालकांना सगळं सांगितलं आणि म्हणून बघितलं. "भा..." म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. मालकांना हसू आलं. त्यांना हसू आलं! मी भाकरीचं फडकं तिथंच टाकून परत फिरले.

निघायच्या सकाळी सासऱ्यांच्या पाया पडले. त्यांनी बन्सीच्या डोक्यावरून हात फिरवला, फार वेळ फिरवला. मग गाईला पाणी दाखवायचं निमित्त करून आत गेले. गाडी हलली तरी ते बाहेर आले नाहीत.

आखाड्यापाशी मालक चढले आणि आत्याबाईंच्या हातातला कासरा त्यांनी घेतला. नाका येईपर्यंत आत्याबाई माझ्याकडून घोकून घेत होत्या. मामा कोण, आसाराम. गाव कोणतं, पालम. बन्सीला मी इतकं आवळून धरलं होतं की तो रडायला लागला.

नाक्यावर जमादारानं गाडी थांबवली. बोकड बघितला, गोधड्या बंदुकीच्या दस्त्यानं चाळवल्या. उशांना हात लावला नाही.

"किधर?"

"सटवाईला. नातवाचं जावळ हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"मामा कोन?"

"ह्यो," मी म्हणाले. "माजा भाऊ. आसाराम, पालमचा."

निघालं तोंडातून. मी श्वास सोडते न सोडते तोच जमादार माझ्या कपाळाच्या कुंकवाकडं बघत म्हणाला, "आन ह्याचा बाप कुठाय? पोराच्या जावळाला बाप न्हाई?"

मामाच्या नादात बापाचं उत्तर कुणी शिकवलंच नव्हतं. मालकांची पाठ ताठ झाली. जमादार त्या पाठीकडं बघायला लागला, आणि माझ्या आत इतके दिवस कोंडलेलं सगळं उसळून वर आलं.

"बाप? बाप कुठाय म्हनून मला इचारता, जमादारसाब? दोस्तांच्या नादी लागून गेला त्यो! जाताना बायकूला इचारलं न्हाई. लेकराकडं बगितलं न्हाई. म्हाताऱ्या बापाला एकटं टाकलं, त्यो गाईजवळ बसून रडत आसंल आता. आई काळजीनं आर्धी झाली. आन मी कोन? मी भाकरी थापनारी! परभनीला कुनी बाई ठिवली म्हनत्यात. ह्यो भाऊ हाय म्हनून देवीला तरी निगाले." मी थांबतच नव्हते. मालकांच्या पाठीत बोट खुपसून मी म्हणाले, "सांग की रं आसाराम! कसा हाय तुजा मेव्हना?"

मालकांनी मान खाली घातली.

"चुकलं त्याचं," ते म्हणाले. "लय चुकलं."

जमादार दोन पावलं मागं सरला. दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघून माणूस सरतो तसाच.

"बस, बस, बाई. जाव."

नाका मागं पडला. मग आत्याबाई माझ्या कानाशी आल्या. "कस्तुरे, त्या परभनीच्या बाईचं..."

"तेवढंच खोटं हाय."

वाचले होते ते, माझ्या जिभेनं वाचवले होते, आणि तरी मला हलकं वाटत नव्हतं. वऱ्हाडची शीव ओलांडल्यावर मालकांनी गाडी थांबवली. ते वळले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

"आप्पाला एकटं टाकलं हे खरं हाय," ते म्हणाले. "तुमी व्हा फुडं. मी जातो माघारी, त्यास्नी घिऊन येतो."

आणि त्यांनी एक पाय खाली टाकला.

आत्याबाईंनी तोंडात पदर कोंबला. एकीकडं नवरा, एकीकडं लेक, ती माउली कुणाला धरणार? मी बन्सीला उचललं आणि त्यांच्या छातीशी कोंबलं. पोर सांभाळायला त्यांचे दोन्ही हात गुंतले, तसा मी कासरा ओढून घेतला आणि बैलांच्या शेपट्या पिळल्या. आयुष्यात कधी गाडी हाकली नव्हती. बैल उधळले, बोकड ओरडायला लागला, मालक पोराला धरून मागं गोधड्यांवर कोसळले. "थांब, थांब" म्हणत राहिले.

रिसोडचं पहिलं घर दिसेपर्यंत मी गाडी थांबवली नाही.