लव्हेलच्या दुसऱ्या अल्बमचा निकाल

माझा धाकटा भाऊ लव्हेल याचा पहिला अल्बम आला, तेव्हा समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. आईबापांच्या तरुणपणी आमच्या मेम्फिसमध्ये काळे गायक सोल गाणी जशी गायचे, तशीच तो गायचा. सूटही तसाच शिवून घेतला होता. 'हरवलेला आवाज परत आला' असं छापून आलं. मग दोन वर्षं तो गावोगाव तेच गात हिंडला, आवाज जुना वाटावा म्हणून घसा खरवडून खरवडून. मी म्हटलं, गळा आहे बाबा, करपलेलं पातेलं नव्हे. पण ऐकतो कोण?

गेल्या आठवड्यात दुसरा अल्बम आला आणि त्याच लोकांनी त्याला पायदळी तुडवलं. एका मासिकाने लिहिलं, 'सूट तोच, आत माणूस नाही.' दुसऱ्याने पाचपैकी दीड तारा दिला.

"तो अर्धा कशाचा गं, ताई?" लव्हेलने विचारलं. त्याच्या ताटातला मासा तसाच गार झाला होता.

"बुटांना पॉलिश बरं होतं, त्याचा."

तो हसला नाही. "खरं सांग. गेलाय का माझा आवाज?"

"त्या मेल्यांना काय कळतंय? कागद बघून गाणी ऐकतात."

खरं तर अल्बम मी पुरता ऐकलाच नव्हता. तिसऱ्या गाण्याला बंद केला. पुढे ऐकायची भीती वाटली मला.

"रविवारी चर्चमध्ये गातो," तो म्हणाला. "आईवरचं गाणं. आपली माणसंही नाही म्हणाली, तर सोडलं गाणं."

आमच्याकडे गाणं जमलं की लोक उठून उभे राहतात, ओरडतात, बायका रुमाल हलवतात. नाही जमलं तर कुणी नावं ठेवत नाही. कुणीतरी हळूच म्हणतं, 'देवा, मदत कर त्याला.' याहून वाईट शेरा आमच्या चर्चमध्ये नाही.

ऑर्गनवर मी होते. पहिलं कडवं कसंबसं निघालं. दुसऱ्यात वरच्या सुराला गळ्यातून नुसती हवा आली. पुढच्या बाकावर मदर पर्लीन होत्या, आमच्या चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. सहा वर्षांच्या लव्हेलला गायला उभं केलं होतं ते त्यांनीच. त्या डोळे मिटून मायेने म्हणाल्या, "सावकाश, बाळा. देवा, मदत कर रे त्याला."

माझा जीव तीळतीळ तुटला. मी पायाखालची पट्टी दाबली आणि ऑर्गनचा आवाज वाढवला, इतका की लव्हेल त्यात बुडून गेला. तो ओठ हलवत राहिला. लोकांना वाटलं, सावरलं पोरगं. दोन-तीन रुमालही हलले.

गाडीत बसल्यावर त्याने टाय सोडला.

"मदर पर्लीनना हल्ली ऐकू कमी येतं, अशी मी मनाची समजूत घातली असती," तो म्हणाला. "पण ऑर्गन तू का वाढवलास, ताई?"

मी गाडी सुरू केली. त्या दिवसापासून तो माझ्यासमोर साधं गुणगुणतही नाही.