कडेपर्यंत ताणलेला जावई

कारंज्यात हायवेला लागून हिरालालसेठांचं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. नागपूर-अमरावती रस्त्यावर ज्या ट्रकची ताडपत्री फाटते, तो ट्रक आज ना उद्या त्यांच्या दारात उभा राहतो. ताडपत्री कशी टाकावी याबद्दल सेठांचं एकच मत आहे. ती चारही कडांपर्यंत ताणलीच पाहिजे. कुठे झोळ दिसला, कुठे वीतभर जागा उघडी राहिली, की त्यांना चैन पडत नाही. मग ड्रायव्हरला बाजूला सारून ते स्वतःच दोर ओढायला लागतात. ही सवय दुकानात शोभते, घरी नेऊ नये, एवढं शहाणपण त्यांना फार उशिरा आलं. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजून ते स्वतःच ही फजिती सांगतात, तेव्हा आपण सांगायलाही हरकत नाही.

त्या वर्षी दसऱ्याला सेठांनी नागपूरहून मोठा, रुंद, चपटा टीव्ही आणला. गल्लीत तसा दुसरा नव्हता. दुकानदाराने जाता जाता सांगितलं होतं की याला घरचा कॉम्प्युटरही जोडता येतो. ते वाक्य सेठांच्या डोक्यात घर करून बसलं होतं, फक्त निमित्त हवं होतं. निमित्त दिवाळीनंतर आलं. मध्यस्थ भैय्याजींनी हर्षासाठी सिंदी रेल्वेचं स्थळ आणलं. मुलगा नीलेश, घरचा कापसाचा व्यापार, माणसं सरळ. पूर्वी पाकिटातून एक फोटो यायचा, आता सीडी आली आणि तिच्यात ढीगभर फोटो. हर्षाची तशीच सीडी तिकडे आधीच गेली होती.

हर्षा ही सेठांची एकुलती एक मुलगी. दुकानाची बिलं तीच कॉम्प्युटरवर करायची. सीडी तिने दुपारीच लावून पाहिली, जरा जास्तच वेळ पाहिली, आणि स्वयंपाकघरात येऊन कोणी न सांगता पोळ्या लाटायला बसली. प्रमिलाबाई आई होत्या, त्यांना काय ते कळलं. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं की पोरीच्या मनात भरलेलं दिसतंय, तिकडचा होकार आलाच आहे, एकदा पाहून घ्या आणि आपलाही कळवा.

पण एवढ्याशा स्क्रीनपुढे पाळीपाळीने वाकून जावई पाहायचा, हे सेठांना पटेना. घरात एवढा मोठा टीव्ही असताना माणसाने असं चोरून का पाहावं? त्यांनी रविवारी थोरल्या बहिणीला, कौशल्याबाईंना, बोलावलं आणि शेजारच्या दोन घरांनाही सांगितलं. भाड्याने मांडव सांगायचा तेवढा राहिला.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणणं, निळ्या तोंडाची जाड वायर दोन्हीकडे बसवणं, तिचे बारीक स्क्रू आवळणं, हे सगळं सेठांनी स्वतः केलं. हर्षा मदतीला आली तर तिला म्हणाले, जन्म दोर आवळण्यात गेला, मला वायर शिकवते का. वायर घट्ट बसली, पण टीव्हीवर काळोख. सेठांनी वायर काढली, फुंकली, पुन्हा बसवली, नागपूरच्या दुकानदाराला शिव्या घातल्या. शेवटी हर्षाने रिमोट उचलून एक बटन दाबलं आणि चित्र उमटलं. सेठ म्हणाले, मी आता तेच करणार होतो.

चित्र स्वच्छ होतं, पण मधोमध. दोन्ही बाजूंना वीतवीत रुंद काळ्या पट्ट्या. ट्रकच्या दोन्ही कडा उघड्या टाकल्यासारखं ते दिसत होतं. हर्षाने समजावून सांगितलं की कॉम्प्युटरचं चित्र चौकोनी आहे आणि टीव्ही रुंद आहे, म्हणून एवढी जागा उरतेच.

"टीव्ही एवढा रुंद घेतला तो काळ्या पट्ट्या पाह्याले?" सेठ म्हणाले. रिमोट हातात घेऊन ते एकामागून एक बटनं दाबत गेले. एका बटनाला चित्र पसरलं आणि डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत टीव्ही भरला. कुठे झोळ नाही, कुठे फट नाही. सेठांनी समाधानाने रिमोट स्वतःच्या खिशात ठेवला.

रविवारी मंडळी जमली. चिवडा फिरला, आणि पहिला फोटो टीव्हीवर आला. मुलगा दाराएवढा रुंद होता. मान जवळजवळ नव्हतीच. दुसऱ्या फोटोत तो मोटरसायकलवर बसला होता आणि बघणाऱ्याला मोटरसायकलची दया येत होती. तिसऱ्यात त्याच्या शेजारी त्याची आई, शकुंतलाबाई, तीही तशीच. सेठांनाही धक्का बसला होता, पण यजमान असल्यामुळे ते गप्प राहिले. कौशल्याबाईंना तसली काही अडचण नव्हती.

"पोट्टा अंगानं लय भरला हाय," त्या म्हणाल्या. "हर्षा त्याच्या बाजूले काडीवानी दिसन."

दाराशी उभी असलेली हर्षा हळूच म्हणाली, "बाबा, फोटो ताणला गेला हाय. तो असा नाई."

चारचौघांत मुलीने न पाहिलेल्या मुलाची बाजू घ्यावी, हे कौशल्याबाईंना भलतंच वाटलं. त्या नुसत्या भावाकडे पाहून हसल्या. त्या हसण्याने सेठांना बापपणाची आठवण झाली आणि त्यांनी मुलीला चहा टाकायला आत पाठवलं. खिशातला रिमोट काढून एक बटन दाबायचं होतं, बस. पण ताणलेलं सैल करणं सेठांच्या रक्तातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी भैय्याजींकडे नकार गेला. कारण विचारलं तर योग नाही म्हणा, असंही सांगितलं.

हर्षा आधीसारखीच बिलं करत राहिली. फक्त दुकानात बापाशी चालणारी तिची थट्टामस्करी बंद झाली. सेठांनी स्वतःची समजूत घातली की हे थंडीमुळे असेल.

त्यांना दुसरीच काळजी लागली होती. त्या रविवारी मंडळी गेल्यावर त्यांनी हौसेने घरचे फोटोही टीव्हीवर लावले होते, आणि त्यात पुतण्याच्या लग्नातले स्वतः हिरालाल पाहून ते हबकले होते. दुसऱ्याच्या पोराला जाडा ठरवणारा हा माणूस स्वतः दीड माणसाएवढा होता. त्यांनी त्याच रात्री जेवण अर्ध्यावर आणलं. सकाळची तर्री आणि पोहे बंद झाले, धाब्यावरची भजी बंद झाली, जिलेबीकडे पाठ फिरवायला ते शिकले. पहाटे उठून ते हायवेच्या कडेने चालायला लागले. ओळखीचे ट्रकवाले गाडी थांबवून विचारायचे, सेठ, गाडी बिघडली का, बसा. दर वेळी त्यांना नाही म्हणताना सेठांना स्वतःचाच राग यायचा.

संक्रांतीपर्यंत पॅन्ट सैल झाली. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. गालफडं बसलेली पाहून गिऱ्हाईक तब्येतीची चौकशी करायला लागलं. सेठ खूश झाले. तिळगुळाच्या दिवशी त्यांनी दुकानापुढे उभं राहून हर्षाकडून फोटो काढून घेतला आणि घरी येताच पुन्हा कॉम्प्युटर टीव्हीला जोडला.

टीव्हीवर तोच दीड माणूस उभा होता. फक्त त्याची पॅन्ट सैल होती.

एवढी उपासमार, एवढी पायपीट, आणि गुण काडीचा नाही. सेठ प्रमिलाबाईंना म्हणाले की मला आतून काहीतरी आजार आहे, उद्या वर्ध्याला मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. प्रमिलाबाई घाबरल्या. मग हर्षा पुढे आली. तिने बापाच्या हातातला रिमोट घेतला आणि एक बटन दाबलं.

दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, आणि मध्ये एक वाळलेला, गालफडं बसलेला, ओळखीचा माणूस उभा राहिला. मागे उभ्या ट्रकचं टायर मघाशी आडवं भोपळ्यासारखं होतं, ते गोल झालं. आयुष्य ट्रकच्या चाकांपुढे काढलेल्या माणसाला चाक चपटं झालेलं दिसलं नव्हतं. सेठ आजही सांगतात, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि माझा तर बैलही नव्हता.

हर्षाने न विचारता नीलेशचा फोटो लावला. सडपातळ, उंच, मोटरसायकलवर सहज बसलेला मुलगा. मोठ्या टीव्हीच्या मधोमध, वीतवीत काळ्या पट्ट्यांत.

"मले तो पसंत होता, बाबा," ती म्हणाली. रिमोट टीव्हीपुढे ठेवून ती आत गेली.

सेठांना लाज वाटत होती, आणि ती कोणावर ढकलावी हे सुचत नव्हतं. वायर त्यांनीच जोडली होती, बटन त्यांनीच दाबलं होतं, आणि पोरीला चहा टाकायलाही त्यांनीच पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने वर्ध्याला आणि तिथून सिंदीला गेले. भैय्याजींना सोबत नेलं नाही. नाक मुठीत धरून जायचं तर दुसऱ्याला कशाला दाखवायचं? मुलीच्या बापाने एकदा नकार देऊन पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाणं, असं त्यांच्या समाजात कोणी केल्याचं ऐकिवात नव्हतं. रस्त्याने त्यांनी चार-पाच बहाणे जुळवून पाहिले, पण एकही टिकेना.

दार शकुंतलाबाईंनी उघडलं. त्या चांगल्या शिडशिडीत होत्या. सेठांचा उरलासुरला धीरही तिथेच संपला. नीलेश कापसाच्या बाजारात गेला होता. पाणी आलं, चहा आला, आणि शकुंतलाबाईंनी सरळच विचारलं की तेव्हा नाही काऊन म्हटलं.

सेठांनी सगळं सांगितलं. टीव्ही, काळ्या पट्ट्या, ताडपत्री, आपली पायपीट, चपटं टायर. शकुंतलाबाई हसतील असं त्यांना वाटलं होतं, हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या.

"मोठा टीव्ही आमच्या घरीबी हाये, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीची सीडी आम्ही त्याच्यावरच पाह्यली. आमच्या जावयानं जोडून देल्ला होता. तोबी कडेपर्यंतच भरला होता."

सेठांनी विचारलं, हर्षा कशी दिसली.

"लय जाड दिसली. मी नीलेशले म्हटलं, पाह्य बाबू, पोरगी अंगानं भरली हाये, विचार करजो. तो म्हणे, असू दे, मनापासून हसते." शकुंतलाबाईंनी कप उचलला. "मग आम्ही होकार कळवला."

तो मुलगा हसतो कसा, हे हिरालालसेठांनी एकाही फोटोत पाहिलं नव्हतं. नीलेश येईपर्यंत बसू का, एवढंच त्यांनी विचारलं.

शकुंतलाबाईंनी त्यांच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं आणि बसा म्हणाल्या, जेवूनच जाजा.