बेतानं शिकवलेली मुलगी

गणिताच्या सरांचा वर्ग त्या सकाळीही नेहमीसारखा भरलेला होता. पहिल्या वर्षाची मुलं गणिताच्या धास्तीनं कॉलेज सोडून जात, म्हणून सरांनी एका गणिताचे चार वर्ग केले होते. नर्सिंगच्या मुलींना औषधाच्या मात्रा, कॉमर्सवाल्यांना व्याज आणि टक्के, समाजशास्त्राच्या मुलांना सरासरी, आणि इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांना कलन, म्हणजे कॅल्क्युलस. "ज्यानं त्यानं आपल्या भुकेप्रमाणे वाढून घ्यावं," असं सर म्हणत. त्यांच्या हाताखाली भलेभले ढ पास झाले होते.

कलनाच्या वर्गात पहिल्या बाकावर त्यांची मुलगी बसे. घरात तिला बबडी म्हणत. तास मोकळा मिळाला की ती नर्सिंगच्या वर्गातही मागे जाऊन बसायची.

"मात्रेची गणितं मला आवडतात, बाबा," ती म्हणे. "तिथं उत्तर चुकलं तर कुणाला तरी दुखतं."

त्या दिवशी सर घरी आले तेव्हा आई मटार सोलत होती आणि बबडी त्यातले निम्मे खात होती. सरांनी चष्मा पुसला.

"स्थळ आलंय. इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे, मुलगा बी.कॉम. झालाय. त्यांचं एकच म्हणणं आहे, मुलगी मुलापेक्षा जास्त शिकलेली नको."

"मग मी नापास होऊ का?" बबडी हसत म्हणाली. मग बाबा हसत नाहीत हे तिच्या लक्षात आलं.

"नापास कशाला? इंजिनिअरिंगचं सोड. गृहव्यवस्थापनाचा एक वर्षाचा कोर्स आहे, तो कर. तेवढं तुला पुरे."

"माझी भूक तुम्ही कशी ठरवली?"

वर्गात कोणत्याही प्रश्नाला सरांकडे उत्तर असे. इथे ते म्हणाले, "चांगली स्थळं वाट बघत बसत नाहीत."

"अहो, निदान हे वर्ष तरी..." आई म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

आई पुन्हा मटार सोलू लागली. गप्प बसण्यात तिचा हातखंडा होता. सर दुष्ट नव्हते. मुलीला शिकवायचं, पण बेतानं. तिच्या शिक्षणाला न पाहिलेल्या नवऱ्याच्या पदवीचं कुंपण घालायचं, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की परक्यांच्या मुलींना हात धरून पुढे नेणाऱ्या या माणसालाही ते कुंपण दिसलं नाही.

बबडीचं लग्न झालं. दुकानाच्या वरच घर होतं. नवरा तसा मवाळ. एकदा गिऱ्हाइकासमोर त्यानं सवलतीचा आकडा चुकवला, तर बबडीनं पटकन बरोबर सांगितला. गिऱ्हाईक कौतुकानं हसलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. वर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चारचौघांत नवऱ्याची चूक काढायची नसते गं. बाईनं कळूनही न कळल्यासारखं करावं, संसार सुखाचा होतो." त्या मनापासून सांगत होत्या. त्यांचा संसार तसाच झाला होता.

बबडीही शिकली. चुका दिसत, ती गिळे.

मग मुलगी झाली. पंखा फिरायला लागला की खुदकन हसणारी, कुणाच्याही बोटाला धरून उभी राहणारी. पहिलं पाऊल टाकायच्या बेतात असतानाच तिला ताप आला. नेहमीचं सिरप औषधांच्या दुकानात संपलं होतं, म्हणून नवऱ्यानं त्याच नावाची थेंबांची बाटली आणली. सासूबाईंनी जुन्या सिरपचं टोपण काढलं आणि काठोकाठ भरलं.

"आई, थांबा. हे थेंबांचं औषध आहे, चौपट तीव्र असतं. टोपणानं नाही द्यायचं, ड्रॉपरनं."

"दोन पोरं वाढवलीत मी टोपणानंच."

"अहो, बाटलीवर लिहिलंय. तुम्ही वाचा ना."

नवऱ्यानं बाटली उजेडात धरली. बारीक आकड्यांवरून त्याची नजर दोनदा फिरली. समजत नाही असं बायकोला सांगणं त्याच्या जिवावर आलं.

"नाव तेच आहे ना? मग औषधही तेच. तुझं कॉलेज माहेरी ठेवून यायचं होतंस. आई सांगतेय तसं कर."

ती पुन्हा एकदा म्हणाली, जरा हळू. मग गप्प झाली. स्वतःच्या पाळीला ती ड्रॉपरनं मोजून द्यायची. ती स्वयंपाकघरात गेली की सासूबाई काळजीपोटी आणखी एक टोपण पाजायच्या. ताप चढत-उतरत राहिला, तशी टोपणंही वाढत गेली. मग पोर दूध ओकायला लागली, मान टाकायला लागली. डोळे पिवळे झाले तेव्हा सगळे दवाखान्यात धावले.

डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिली, टोपण पाहिलं. त्यांचा आवाज चढला. "हे इतकं पाजलंत? यकृत निकामी झालंय तिचं. घरात शिकलेलं कुणीच नव्हतं का?"

सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला.

"मी होते," बबडी म्हणाली.

पोर वाचली नाही. परत येताना गाडीत बबडीची मांडी सवयीनं हलत होती, झोपवताना हलायची तशी. तिच्या ते लक्षात आलं नाही. बाकीच्यांच्या आलं, पण तिला थांबवायचं धाडस कुणाला झालं नाही.

सर तिला माहेरी घेऊन आले. काही आठवड्यांनी जावई न्यायला आला. रोडावला होता.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "घरी चल. आईनं अंथरूण धरलंय."

दारात बबडीची आई उभी राहिली. "जावईबापू, तुमच्या आईंची काळजी घ्या. पण माझी मुलगी येणार नाही."

सरांनी काही बोलायला तोंड उघडलं.

"तुम्ही काही बोलू नका," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत सरांनी हा आवाज ऐकला नव्हता.

जून उजाडला तशी बबडीनं नर्सिंगला नाव घातलं. तिथंही पहिल्या वर्षाचं गणित सरच शिकवत. मात्रेचा धडा आला. सरांनी फळ्यावर उदाहरण लिहायला घेतलं, 'एका बालकाचे वजन', आणि खडू तिथंच थांबला. शेवटी बबडी उठली. बाबांच्या हातातून खडू घेऊन तिनं उदाहरण पुरं केलं, पायरीपायरीनं सोडवलं आणि उत्तराखाली रेघ मारली.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं वही मिटत विचारलं, "पण घरातली मोठी माणसं ऐकतच नसली तर? आपण उत्तर सांगितलं आणि त्यांना पटलंच नाही तर?"

हे सरांनी चारही वर्गांत कुणाला शिकवलं नव्हतं.

"बाटली हिसकावून घ्यायची," बबडी म्हणाली. "घरात रडारड होऊ दे, तुला उद्धट म्हणू दे, घराबाहेर काढू दे. बाटली सोडायची नाही."